उजव्या बरगडीखाली

धोंडुबाईचं पोट पहिल्यांदा कधी दुखलं, हे तिचं तिलाही आठवत नव्हतं. सूरज फौजेत भरती झाला त्याच्या आधीपासून दुखत होतं, एवढं मात्र नक्की. कारण त्याच्या भरतीचे पेढे वाटताना ती मधेच उंबऱ्यावर टेकली होती आणि लोकांना वाटलं होतं, पोराच्या आठवणीनं आईचं काळीज भरून आलं.

वडूजच्या पुढं, खटावच्या कोरड्या माळावर तिची वाडी. घरचं रान होतं, पण पाऊस नसला की त्यात कुसळंसुद्धा उगवायची नाहीत. म्हणून दिवाळी झाली की धोंडुबाई, तिचा नवरा कोंडीबा, धाकटा दीर आणि त्याची बायको राणी, अशी चौघं मेंढरं घेऊन खाली कृष्णाकाठाला उतरायची. आज या शेतात, परवा त्या शेतात. रात्रभर मेंढरं रानात बसली की लेंड्यामुताचं खत होतं. त्याच्या बदल्यात शेतकरी ज्वारी द्यायचा, कधी चार पैसे द्यायचा. माणसं मेंढरांमागं जायची आणि बिऱ्हाड हलवायचं काम बायकांकडं. पहाटे उठून भाकऱ्या थापायच्या, जाळीची वाघर गुंडाळायची, भांडी, अंथरुणं, कोंबड्या आणि तान्ही कोकरं घोड्यावर लादायची आणि पुढच्या रानात जाऊन पुन्हा सगळं उतरवायचं. धोंडुबाईचा जन्म यातच गेला होता.

दुखायचं ते उजव्या बरगडीखाली. कळ म्हणावी तर कळ नाही. कुणीतरी आतून ओला दगड बांधून ठेवल्यासारखं जड वाटायचं. जेवायला बसली की चार घासांत पोट गच्च व्हायचं, ढेकर अडकायचा, कधी मळमळायचं. मग आठ-पंधरा दिवस काहीच नाही, आणि ती विसरून जायची. पुन्हा एखाद्या दिवशी डोक्यावरचा हंडा उतरवताना आत ओढ बसायची आणि दुखणं परत आल्याचं कळायचं.

दुखण्याची कारणं मात्र ज्याच्या त्याच्यापाशी तयार होती. कोंडीबा म्हणायचा, उपाशीपोटी चहा ढोसतेस म्हणून होतं. राणीला वाटायचं, बिरोबाचा कुठला तरी नवस फेडायचा राहिलाय. गावातल्या दगडाबाईनं पोटाला हात लावून सांगितलं, वट सरलीया, म्हणजे बेंबी जागची हललीया, आणि तेल लावून बेंबीभोवती चांगलं रगडून काढलं. औषधाच्या दुकानातला माणूस न बघताच म्हणाला, पित्त आहे, आणि गुलाबी गोळ्यांची पट्टी हातावर ठेवली. सूरजनं सीमेवरून फोन केला की पहिला प्रश्न असायचा, "आये, मिरची कमी केलीस का?" धोंडुबाईनं मिरची कमी केली. चहा सोडला, पुन्हा धरला. नवस फेडला. गंमत म्हणजे प्रत्येक उपायानं तिला बरं वाटलं. दुखणं आपल्या मर्जीनं यायचं, आपल्या मर्जीनं जायचं, आणि जाताना जो कुणी जवळ असेल त्याला श्रेय देऊन जायचं.

त्या वर्षी पौषात त्यांचा वाडा वाळव्याकडच्या मानसिंगरावांच्या रानात होता. वाडा म्हणजे काय, तर वाघरीनं घेरलेली मेंढरं आणि कडेला उघड्यावर मांडलेला संसार. मानसिंगरावांच्या वडिलांपासून या रानात मेंढरं बसत आलेली. ऊस तुटून गेला की खालचं रान मोकळं व्हायचं आणि त्यांचा निरोप यायचा. घर रानातच होतं, मोटारीच्या हौदापासून हाकेच्या अंतरावर. मानसिंगरावांची बायको संयोगिता बोलायला मोकळी होती. धोंडुबाई हौदावर पाणी भरायला गेली की ती कडेला येऊन उभी राहायची आणि माळावरच्या गोष्टी विचारायची. कोल्हा येतो का, कोकरू आईला ओळखतं कसं, पावसात झोपता कुठं. धोंडुबाई तिला वैनी म्हणायची आणि संयोगिता तिला मावशी. वयात तसं फार अंतर नव्हतं, पण उन्हातल्या माणसाचं वय लवकर वाढतं.

एका सकाळी धोंडुबाई हौदावरून भरलेला हंडा घेऊन निघाली आणि अर्ध्या वाटेत थांबली. हंडा खाली ठेवायलाही तिला जमेना. डोक्यावर तसाच धरून ती बांधावर गुडघ्यावर आली, मग हंडा कलंडला आणि पाणी सरीत निघून गेलं. संयोगिता परसात भांडी घासत होती. हातातलं टाकून ती पळत आली.

"मावशी, काय झालं? चक्कर आली का?"

"न्हाई वो वैनी. हे आपलं नेहमीचं. बसलं की जातंय."

"नेहमीचं म्हणजे कधीपासनं?"

धोंडुबाई हसली. "ते कुणाला ठावं. पोरगं भरती हुयाच्या आदीपास्नं."

संयोगिता तिच्याशेजारी बांधावर बसली. "कुठं दुखतं, हात लावून दाखवा." धोंडुबाईनं उजव्या बरगडीखाली तळवा ठेवला. संयोगितानं ती जागा ओळखली. गेल्याच साली तिच्या पित्ताशयातले खडे काढले होते. ते दुखणंही याच बाजूचं होतं, आणि तेही दोन वर्षं ॲसिडिटी म्हणून गोळ्यांवर काढलं होतं.

"मावशी, हे पित्त नाही. मला खडे झाले होते ते असंच. उद्या माझ्याबरोबर आष्ट्याला चला. सोनोग्राफी करू."

"उद्या वाडा हलायचा हाय वैनी. पुढल्या गावचा मानूस वाट बगतूय. एकदा गावाकडं गेलो की मग बगू."

"गावाकडं कधी जाणार?"

"जेठ लागला की."

"तोवर हे असंच घेऊन फिरणार?"

धोंडुबाईनं कलंडलेला हंडा सरळ केला. तिला नाही म्हणायचं नव्हतं, पण हो म्हणायची सवय नव्हती. बिऱ्हाडातल्या बाईनं एक दिवस बाजूला काढला तर भाकऱ्या कोण थापणार आणि घोडं कोण लादणार, हा हिशेब तिच्या डोक्यात सारखा चालू असायचा, आणि त्या हिशेबात तिच्या पोटाला कधी जागा मिळाली नव्हती.

संयोगिता उठली ती सरळ वाड्यावर गेली. कोंडीबा एका लंगड्या मेंढीचा खूर साफ करत बसला होता. त्यानं डोक्यावरचं मुंडासं सारखं केलं.

"कोंडीबादादा, मावशीला उद्या दवाखान्यात नेते मी. तुमचा वाडा अजून आठ दिवस इथंच राहू दे. ह्यांच्याशी मी बोलते. वरचंही रान मोकळं झालंय."

"आवं पर वैनी, पुढल्या मान्साला शबुद दिलाय."

"त्याला हे फोन करतील. मेंढरं चार दिवस उशिरा बसली तर रान पळून जात नाही."

कोंडीबानं बायकोकडं पाहिलं. ती बांधावरून हळूहळू चालत येत होती, एक हात कुशीवर ठेवून. ती अशी चालते हे त्यानं याआधीही पाहिलं असणार. पण त्या दिवशी पहिल्यांदा त्याला ते दिसलं. "न्हेवा वैनी," तो म्हणाला. "तुमी म्हंताय तर न्हेवा."

दुसऱ्या दिवशी संयोगितानं गाडी काढली. धोंडुबाईनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. गाडीची काच खाली-वर कशी करायची ते तिला माहीत नव्हतं, म्हणून सगळी वाट वारा तोंडावर घेत ती बसून राहिली.

सोनोग्राफीच्या खोलीत अंधार होता. पोटावर गार काहीतरी लावलं तसं तिनं अंग चोरलं. संयोगिता उशाशी उभी होती. डॉक्टर तरुण होते, पण घाई नव्हती त्यांना. उजव्या बाजूला यंत्र आलं आणि त्यांचा हात थांबला. पडद्यावर त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिलं, तिला कुशीवर वळायला सांगितलं, पुन्हा पाहिलं.

"खडे आहेत ना?" संयोगितानं विचारलं.

"पित्ताशय एकदम स्वच्छ आहे," डॉक्टर म्हणाले. मग धोंडुबाईकडं वळून त्यांनी विचारलं, "मावशी, घरचा धंदा काय तुमचा?"

"मेंढरं हायती."

"कुत्री आहेत?"

आडवी पडल्यापडल्याही धोंडुबाईला हसू आलं. "कुत्र्याबिगर मेंढरं कशी राखायची साहेब? दोन हायती. हौश्या आन् त्याची आई."

डॉक्टरही हसले, पण थोडंच. त्यांनी पडदा तिच्याकडं वळवला. काळ्या-करड्या रंगांच्या गर्दीत एक मोठा गोल काळा डाग होता आणि त्याच्या पोटात लहान लहान गोल. द्राक्षाचे मणी एका पिशवीत भरावेत तसे.

"हे तुमचं काळीज, म्हणजे यकृत. त्यात ही पाण्याची गाठ आहे. नारळाएवढी झालीय. ती बाजूच्या सगळ्यांना दाबते, म्हणून दुखतं, म्हणून चार घासांत पोट भरतं."

धोंडुबाईनं पडद्याकडं बघत विचारलं, "क्यान्सर हाय का?"

"नाही. कॅन्सर नाही. ही एका जंताची गाठ आहे."

मग त्यांनी समजावून सांगितलं. मेंढराच्या काळजात, फुप्फुसात कधी कधी पाण्याचे फोड असतात. ते कच्चं मांस कुत्र्यानं खाल्लं की त्याच्या आतड्यात बारीक जंत वाढतात. कुत्रं हिंडतं-फिरतं, खेळतं, त्याला काही होत नाही. पण जंताची अंडी त्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात, केसांना चिकटतात, गवतावर, पाण्यात जातात. आपण कुत्र्याला कुरवाळतो आणि तसाच हात भाकरीला लावतो. अंडं पोटात जातं, तिथून काळजात जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं हळूहळू फुगत राहतं. "मेंढरंवाल्यांच्यात आम्हाला हे सापडतं," डॉक्टर म्हणाले. "पोट कुणी रगडलं-बिगडलं होतं का?"

"रगडलं हुतं. वट सरली म्हणून."

डॉक्टरांनी मान हलवली. "थोडक्यात वाचलात. ही गाठ आत फुटली तर जीवावर बेततं. आता पोटाला कुणाला हात लावू द्यायचा नाही. जड उचलायचं नाही. मिरजेला चिठ्ठी देतो, तिथं ऑपरेशन होईल. बरं होणारं दुखणं आहे हे."

परत येताना गाडीत धोंडुबाई नुसती बाहेर बघत बसली होती. संयोगिताला वाटलं, ती घाबरली. तिनं रसवंतीपाशी गाडी थांबवली आणि दोन पेले रस मागवला. तेव्हा धोंडुबाई म्हणाली, "वैनी, मला लय हलकं वाटतंया."

"हलकं?"

"इतकी वरसं लोक म्हणायची, हिचं आपलं काय तरी असतंयच. मलाबी वाटाय लागलं हुतं, की आपलंच मन नाजूक हाय. आज त्या पडद्यावर दिसलं. खरंच काय तरी हाय म्हणायचं."

संयोगितानं तिचा हात धरला. खडे सापडले त्या दिवशी तिलाही असंच हलकं वाटलं होतं आणि ती रडली होती, भीतीनं नव्हे.

मिरजेच्या सर्जन बाईंनी पुन्हा तपासण्या केल्या आणि सांगितलं, ऑपरेशनआधी काही आठवडे जंताच्या गोळ्या घ्याव्या लागतील. खर्च सरकारी योजनेतून होणार होता, ते कागद मानसिंगरावांनी पाहिले. प्रश्न राहिला तो या आठवड्यांचा. वाडा तर पुढं जाणारच. मेंढरांना एका जागी किती दिवस चारा पुरणार?

"मावशी माझ्याकडं राहतील," संयोगितानं सांगून टाकलं.

धोंडुबाईला ते फार अवघड गेलं. दुसऱ्याच्या घरात नुसतं बसून खायचं म्हणजे तिला गुन्हा केल्यासारखं वाटायचं. ती शेंगा फोडायची, लसूण सोलायची, गोठ्यातल्या वासराला खाजवत बसायची. छपराखाली झोपायची सवय नव्हती म्हणून पहिले काही दिवस तिनं अंथरूण ओसरीवर ओढलं. संयोगितानं तिथं एक जादा वाकळ आणून ठेवली. इकडं वाड्यावर राणीनं सगळं अंगावर घेतलं. दोन घरच्या भाकऱ्या, घोडं, कोकरं. ती फोनवर सांगायची, "आक्का, तुमी हिकडची काळजी करू नगासा. तुमची तांबडी कोकरी माझ्याच पदराला झोंबतीया आता." धोंडुबाईला ते ऐकून बरं वाटायचं आणि थोडा हेवाही वाटायचा.

कोंडीबा मात्र फोनवर नीट बोलत नव्हता. काय विचारलं तरी व्हय-न्हाई. शेवटी राणीनंच सांगितलं. डॉक्टरांचं बोलणं कळल्यापासून त्यानं कुत्र्यांना जवळ येऊ दिलं नव्हतं. हौश्याला त्यानं दूर बाभळीला बांधून घातलं होतं. बाजारात कुणीतरी त्याला सांगितलं की अशा कुत्र्याला मारूनच टाकावं. मारायला त्याचा हात होईना, म्हणून आता नदीपलीकडं नेऊन सोडून यायचं त्यानं ठरवलं होतं.

धोंडुबाईनं त्याला फोनवर बोलावलं. "हौश्याला सोडाय निगालाय म्हणं?"

कोंडीबा म्हणाला, "मीच चारलं गं त्याला. मेंढरू मेलं, कापलं, की फोड असलेलं काळीज मीच त्याच्याम्होरं टाकायचो. मान्सानं खाऊ नये म्हणून कुत्र्याला द्यायचं, म्हणायचो. चांगलं समजून करत हुतो मी."

"मग त्यात तुमची काय चूक? माझा बाप तेच करायचा, तुमचा बापबी तेच करायचा. कुणी सांगितलं हुतं का आपल्याला?"

"तुज्या पोटात ते माज्या हातनं गेलं."

"माज्या पोटात ते माज्या हातनं गेलं. हौश्याला कुरवाळून भाकरी म्यापन मोडलीया. तुमी उद्याच्याला त्याला कुटं न्हेऊ नगा. मी मिरजेच्या डाक्टर बाईस्नी इचारती."

पुढच्या खेपेला मिरजेला गेल्यावर तिनं आपल्या पोटाबद्दल काही विचारायच्या आधी कुत्र्याबद्दल विचारलं. सर्जन बाई जरा बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं केलंत विचारलंत. कुत्रं सोडून दिलं तर ते दुसऱ्या गावात हेच वाटत फिरेल. त्याला जनावरांच्या दवाखान्यात न्या. जंताची गोळी मिळते, ती ठरल्या वेळी देत राहायची. सुरुवातीला त्याची घाण गोळा करून पुरून टाका. आणि कच्चं काळीज, फुप्फुस पुन्हा त्याच्या तोंडी जाता कामा नये. तेही खोल पुरा नाहीतर चांगलं शिजवा. हात साबणानं धुवा. एवढं केलं की कुत्रंही राहील आणि तुम्हीही राहाल."

धोंडुबाईनं हे फोनवर सांगितलं आणि त्याच संध्याकाळी कोंडीबानं हौश्याला बाभळीपासून सोडवलं. दुसऱ्या दिवशी तो दोन्ही कुत्र्यांना घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेला. राणी सांगत होती, गोळी खाऊन झाल्यावर तो हौश्याच्या शेजारी कितीतरी वेळ नुसता बसला होता. मग उठला आणि साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सूरज रजा घेऊन आला. वर्दीतला नव्हे, साध्या कपड्यातला, पण चालण्यावरून फौजी आहे हे कळत होतं. आईच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "आये, मी सारखं मिरची मिरची करत बसलो."

"मग? मिरची कमी केली म्हणून काय वंगाळ झालं? तेवढीच वाचली," धोंडुबाई म्हणाली, आणि दोघंही हसली.

ऑपरेशन चालू असताना बाहेरच्या बाकावर तो, कोंडीबा, मानसिंगराव आणि संयोगिता बसून होते. कोंडीबाला बाकावर बसवत नव्हतं. तो भिंतीला पाठ लावून खाली बसला. मानसिंगरावही थोड्या वेळानं त्याच्या शेजारी खालीच बसले. दोघं या सालच्या गवतावर, लोकरीच्या पडलेल्या भावावर, कशावरही बोलत राहिले. सर्जन बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहराच सांगत होता. गाठ न फुटता, पूर्ण निघाली होती.

धोंडुबाईला शुद्ध आली तेव्हा पोटात दुखत होतं, पण ते टाक्यांचं दुखणं होतं. वेगळं, वरवरचं, ताज्या जखमेचं. आतला तो ओला दगड गेला होता. डोळे मिटून तिनं तो जागेवर शोधून पाहिला. नव्हता.

चौथ्या-पाचव्या दिवशी संयोगिता वॉर्डात डबा घेऊन आली. धोंडुबाईचे केस इतक्या दिवसांत गुंतून जटा झाले होते. संयोगितानं पिशवीतून तेलाची बाटली आणि फणी काढली आणि तिच्या पाठीमागं खाटेवर बसली.

"नगा वैनी. तुमी कशाला."

"गप्प बसा मावशी. टाके ओढतील."

ती हळूहळू एकेक गुंता सोडवत राहिली. धोंडुबाईची आई ती लहान असतानाच गेली होती. त्यानंतर तिच्या केसांना दुसऱ्या बाईचा हात लागला तो लग्नात, हळदीच्या दिवशी. तिला काहीतरी बोलायचं होतं. लोक म्हणतात तसं आभार-बिभार. पण तो शब्द तिच्या तोंडात कधी बसला नव्हता, आणि फणी केसांतून फिरत असताना तो शोधायची गरजही वाटेना. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं विचारलं, "लेक हाय का तुमची?"

"माहेर हाय," धोंडुबाई म्हणाली.

संयोगितानं पुढचा गुंता हातात घेतला.

जेठात वाडा घराकडं परतला. धोंडुबाई चालत नव्हे तर एसटीनं वडूजला उतरली. गोळ्या अजून चालू होत्या. पहिल्या दिवशी राणीनं बाजरीची भाकरी आणि पिठलं वाढलं, आणि धोंडुबाईनं सगळी भाकरी संपवून दुसरी मागितली. राणी परातीवरून मान वर करून बघत राहिली. किती वर्षांनी जाऊ दुसरी भाकरी मागत होती.

मग ती वाडीभर फिरली. ज्याच्या ज्याच्या घरी कुत्रं होतं त्याच्या दारात जाऊन पोटावरचा व्रण न दाखवता सगळं सांगून आली. काही हसले, म्हणाले कुत्र्यापायी कुणी आजारी पडतं का, आमच्या बापजाद्यांनी पाळली. धोंडुबाई रागावली नाही. तीही तेच म्हणाली असती. ती फक्त म्हणायची, "वडूजच्या दवाखान्यात गोळी मिळतीया. गुळात घालून चारा. आन् तुमच्यात कुणाचं उजव्या बाजूला दुकत असंल तर रगडू नगा, आदी बगून घ्या." दगडाबाई स्वतःहून आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "माज्या हातानं काय तरी इपरीत झालं असतं गं." धोंडुबाईनं तिला जवळ बसवून घेतलं. "झालं न्हाई न्हवं? मग झालं तर." त्यानंतर दगडाबाई तेल लावायच्या आधी विचारू लागली, सोनोग्राफी केली का.

त्या साली पाऊस बरा झाला. श्रावण संपता संपता माळ हिरवागार झाला, इतका की ओळखू येईना. आणि एका सकाळी वाडीच्या रस्त्यानं मानसिंगरावांची गाडी आली.

मानसिंगरावांच्या बापाच्या वेळेपासून ही मेंढरांमागची माणसं त्यांच्या रानात येत होती, पण त्या घरातलं कुणी कधी इकडं आलं नव्हतं. इकडं दुष्काळ आहे, एवढंच त्यांना ठाऊक. संयोगिता गाडीतून उतरली आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिली. समोर टेकडीवर मेंढरं पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांसारखी पसरली होती. वारं भन्नाट सुटलं होतं.

"मावशी, हे सगळं सोडून तुम्ही आमच्याकडं येता?"

"हे चार म्हैन्याचं असतंय वैनी. पर असतंय तवा असतंय."

धोंडुबाईनं सकाळपासून चूल पेटवून ठेवली होती. बाजरीच्या भाकऱ्या, मेंढीच्या दुधाचं दही, हुलग्याची उसळ, लसणाची चटणी, आणि पाहुणे आले म्हणून शेवयांची खीर. ओसरीवर कोंडीबानं नवं घोंगडं अंथरलं. मानसिंगरावांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिसरी अर्धी घेतली. संयोगितानं दही पुन्हा मागितलं. धोंडुबाई वाढत होती आणि तिला मोठा आनंद वाटत होता. आजवर ती त्यांच्या दारात पाणी भरायला गेली, त्यांच्या ओसरीवर झोपली, त्यांच्या हातचं जेवली. आज तिच्या दारात ती माणसं बसली होती आणि तिच्या हातचं आवडीनं खात होती.

"तुम्ही पण बसा ना," संयोगिता म्हणाली.

"तुमचं हू द्या आदी."

"नाही. बसा म्हटलं की बसा."

राणीनं तिच्यासाठी ताट केलं. धोंडुबाई घोंगड्याच्या कडेला बसली आणि भाकरीचा पहिला घास मोडला. बोलायचं ते तिनं किती दिवस मनात जुळवून ठेवलं होतं. बांधावर तुम्ही बघितलं नसतं तर मी अजून हंडे उचलत असते, किंवा नसतेही. पण समोर संयोगिता चटणीनं तोंड भाजून पाण्याचा तांब्या शोधत होती. धोंडुबाईनं तांब्या तिच्यापुढं सरकवला.

"वैनी," ती म्हणाली, "तुमी आला, लय बरं वाटलं."

"मलाही," संयोगिता म्हणाली, आणि दोघी जेवू लागल्या.